निळ्या पट्टीखालची लाल ओळ

डोळ्यांच्या दवाखान्यात संगणकाचं काम बघणाऱ्या बाईंना सगळे 'काटेकोर' म्हणायचे. काउंटरवरचे मामा एकदा त्यांना म्हणाले होते की यादीतली सगळी नावं सारखीच दिसतात, तातडीचा पेशंट उठून दिसेल असं काहीतरी करा. बाईंनी दोन दिवसांत तातडीच्या पेशंटची ओळ लाल करून दिली. मामा खूश झाले.

महिन्याभरानं एक शिंपीणकाकू आल्या. सकाळपासून उजव्या डोळ्यापुढे पडदा सरकत होता. नर्सनं त्यांची नोंद तातडीची केली आणि त्यांना बाकावर बसवलं. तिथे त्या अडीच तास बसून राहिल्या. ऑपरेशन झालं, पण नजर गेली ती गेलीच.

"लाल नव्हतीच ती ओळ," मामा डॉक्टरांना परत परत सांगत राहिले. कुणाला पटलं नाही. मामांची रवानगी फायलींच्या खोलीत झाली.

मामांना तिथे पाठवलं त्याच दुपारी बाईंनी यादी उघडून पाहिली आणि चूक त्यांच्या लक्षात आली. मामा पेशंट आल्या वेळेप्रमाणे पुकारायचे, पण यादीत नावं अक्षरक्रमानं लागायची आणि काकूंचं नाव 'अ'चं, म्हणजे सगळ्यात वर. यादी उघडली की पहिली ओळ आपोआप निवडली जायची, आणि निवडलेल्या ओळीवर निळी पट्टी, पांढरी अक्षरं. खालचा लाल रंग दिसणार कसा? एक नाव पुकारलं की यादी नव्यानं उघडायची, पुन्हा तेच.

बाईंनी दहा मिनिटांत दुरुस्ती केली. नावाआधी लाल ठिपका, निळ्या पट्टीवरही दिसेल असा. आणि गप्प बसल्या. जिन्यात मामा भेटले की बाईंना मोबाईलवर काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं व्हायचं. जेवणाचा डबा तसाच घरी परत जायचा. नवऱ्यानं विचारलं, तर पित्त झालंय म्हणाल्या.

अकराव्या दिवशी त्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. डॉक्टरांनी मामांची माफी मागितली, त्यांना काउंटरवर परत बसवलं. बाई काकूंच्या घरीही जाऊन आल्या. काकू ओरडल्या नाहीत. "सांगितलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाल्या. "सुई आता सून ओवून देते."

दुसऱ्या दिवशी बाई काउंटरपाशी गेल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक कुणाचीही होते, बाई," ते म्हणाले. "पण अकरा दिवस तुम्हाला माहीत होतं?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. मामा पुढचं नाव पुकारायला वळले.