आमची नवी गाडी तेल पिते

मला आधी एक सांगा, नव्या कोऱ्या गाडीचं ऑइल लवकर बदलायचं की नाही?

तुमच्या घरात यावर एकमत असेल तर तुम्ही सुखी आहात. आमच्याकडे या एका प्रश्नावरून माझ्या आईची पंचाहत्तरी बिनसायची वेळ आली होती. आणि त्यात मी जो घोळ घातला तो आजवर फक्त माहेरच्यांना ठाऊक होता. तुम्हाला सांगते, पण चहाचा कप खाली ठेवून ऐका, सांडेल.

झालं असं, की अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या दोन खोल्यांतून आम्ही बदलापूरला, मांजर्लीत फ्लॅट घेतला आणि काही वर्षांनी दारात गाडी आली. आमचे हे अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात आहेत. यांचा स्वभाव असा, की नवा मिक्सर आणला तरी आधी त्याचं माहितीपुस्तक वाचणार, मग चटणी.

गाडीच्या पूजेला माझा धाकटा भाऊ बाळा आला होता. तो बारवी धरणाकडे आमच्या गावीच असतो, भातशेती करतो आणि टेम्पो चालवतो. मी चाकाखाली लिंबू ठेवतेय, हे नारळ फोडतायत, आणि बाळा तोंडात पेढा धरून बॉनेट उघडून आत बघतोय.

"भावोजी, एक हजार किलोमीटर झालं का पयलं ऑइल काढून टाका. नव्या इंजिनात लोखंडाचा कीस पडतो."

"कंपनीने दहा हजारला सांगितलंय," हे म्हणाले. पुस्तक हातातच होतं.

"कंपनी काय तुमची गाडी ढकलाया येनार हाय?"

"बाळा, तुझा टेम्पो अर्धं वर्ष गॅरेजात असतो. तू मला ऑइल शिकवू नकोस."

झालं. बाळाला तुम्ही काहीही बोला, टेम्पोवर बोलायचं नाही. तो न जेवता गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताय, तू तरी लक्ष ठेव गो. रोज सकाळी गाडी चालू करायच्या आदी ती दांडी भाईर काढून बघायची. दोन खुणांच्या मदी तेल पायजे. खाली गेलं का समज, गाडी तेल पिते."

दांडी म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पातळ पट्टी. मी म्हटलं, एवढंच ना, बघेन.

पावसाळा लागला. मांजर्लीकरांना पावसाळ्यात दोनच गोष्टींची काळजी असते, नदी कुठवर आली आणि गाडी कुठे लावली. आमच्या सोसायटीत पार्किंगला उतरणारा एक रॅम्प आहे. हे रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की गाडी त्या रॅम्पवर नाक वर करून लावायचे आणि मागच्या चाकांना दगड द्यायचे. पाणी आलंच तर निदान इंजिन कोरडं राहील, हा हिशेब.

बाळाचं सांगणं मनावर घेतलं त्या पहिल्याच सकाळी दुधाची पिशवी घ्यायला खाली गेले, दांडी काढली, पदराच्या टोकाला पुसली, परत घालून काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली.

नवी गाडी, आणि तेल पिते?

आता यांना सांगावं तर बाळाचं खरं ठरणार, यांचा चेहरा पडणार. बाळाला सांगावं तर तो अख्ख्या गावाला सांगणार. त्यात आईची पंचाहत्तरी तोंडावर आलेली. आईने फोनवर एकच मागितलं होतं, "मला साडी नको, काय नको. जावई आणि बाळा एका पंगतीला बसले पायजेत." आणि इकडे हे म्हणत होते, "तुझा भाऊ ऑइलचं एक अक्षर बोलला तर मी हात न धुता परत येईन." बाळाचं म्हणणं, "ऑइल बदलल्याबिगर गाडी माझ्या अंगनात लावायची नाय."

मी दोघांनाही हो म्हणून बसले होते. काय करणार?

मग मी कोणालाही न सांगता उल्हासनगर गाठलं. तिथल्या एका सिंधी काकांच्या गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले.

"ऑइल चेंज करना है भाभी?"

"नहीं, थोडा थोडा डालना है."

"थोडा थोडा?"

"हां. जितना लगे उतना. जैसे भाजी में डालते हैं."

काकांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. मग गाडीचं नाव विचारलं आणि कॅन काढून दिला. तो मी स्वयंपाकघरात गव्हाच्या डब्यामागे लपवला.

त्या दिवसापासून माझा नेम सुरू झाला. सकाळी दांडी बघायची, तेल कमी दिसलं की वर यायचं, आमटीच्या जुन्या वाटीत ऑइल घ्यायचं आणि नरसाळ्याने इंजिनात सोडायचं. दोन-तीन दिवस बरं दिसायचं, की पुन्हा खाली. वर येऊन हात धुवायचे आणि यांच्या डब्याची भाजी टाकायची. आमच्या ओट्याला बिल्डरने असा उतार दिलाय की कढई ठेवली की तेल एका अंगाला पळतं. वर्षानुवर्षं मी शेगडीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून भाज्या करतेय. हे मध्येच का सांगतेय म्हणाल, तर कळेल.

गंमत म्हणजे त्याच दिवसांत हे फार गप्प झाले. रात्री जेवताना खिडकीतून खाली गाडीकडे बघत बसायचे. मला वाटलं, ऑफिसात काही झालं असेल. विचारलं तर म्हणाले, "काही नाही. नदीला पाणी चढलंय का गं?"

पंचाहत्तरीचा रविवार उजाडला. त्या सकाळी तर तेल पार तळाला दिसलं. माहेरी जाताना वाटेत गाडी बंद पडली तर काय तोंड दाखवायचं? मी जरा सढळ हाताने दोन वाट्या घातल्या. थोडं ऑइल उरलं होतं, ते वाटेत लागेल म्हणून कॅन पिशवीत घालून माझ्या पायाशी ठेवला. यांना सांगितलं, आईसाठी गोडेतेल आहे.

गावी पोचलो. बाळाने घरापुढे नवा कोबा केलाय, अगदी सपाट. हे मुद्दाम गाडी थेट त्या कोब्यावर घेऊन गेले. बाळा ओटीवरून उतरला. रामराम नाही, पाणी नाही. म्हणाला, "बॉनेट उघडा."

"का?"

"माझ्या अंगनात लावलीय नं? उघडा."

आई ओटीवर नव्या लुगड्यात बसून बघत होती. यांनी बॉनेट उघडलं. बाळाने खांद्यावरचा टॉवेल काढला, दांडी पुसली, घातली, काढली. कपाळाला आठ्या.

"भावोजी, ह्याच्यात तेल जास्त हाय. वरच्या खुणेच्या पार वर."

"शक्यच नाही," मी म्हणाले. "सकाळीच तर तळाला होतं."

हे माझ्याकडे वळले. "तळाला? तू कधी बघितलंस?"

"रोज बघते."

"अगं, तळाला कसं असेल? जास्त झालंय म्हणून मी परवाच काढून घेतलं."

"काढून घेतलं?"

"ऑफिसच्या बाजूच्या गॅरेजवाल्याकडून. आधीही काढलंय, बऱ्याच वेळा." यांचा आवाज बारीक झाला. "ऑफिसच्या गेटवर बघितलं की तेल वाढलेलंच असायचं. मला वाटलं, पुराचं पाणी आत शिरतंय. तुला कशाला घाबरवू म्हणून बोललो नाही."

"आणि मला वाटलं गाडी तेल पिते. तुमचा चेहरा पडेल म्हणून मी वाटी वाटी घालत होते."

बाळा एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. "ताय, गाडी लावता कुठं गो?"

"रॅम्पवर. नाक वर करून."

बोलता बोलताच मला माझा ओटा दिसला. ती कढई, तो उतार, एका अंगाला पळणारं तेल, ती पुठ्ठ्याची घडी. रॅम्पवर इंजिनातलं तेलही असंच मागे पळत होतं, दांडीला लागतच नव्हतं. जिचा अर्धा जन्म उतारावर भाज्या करण्यात गेला तिला हे कळू नये? मी तिथेच कोब्यावर बसले.

बाळाला कळायला वेळ लागला नाही. तो टेम्पोला टेकून इतका हसला की त्याला ठसका लागला. "भावोजी, तुमी काडताय, ताय वततेय. अख्खं पयलं ऑइल बदलून झालंय तुमचं. ते बी हजाराच्या आत!"

हे बॉनेट लावायला वळले. मग म्हणाले, "पुस्तकात ही पद्धत दिलेली नाही."

"पुस्तक लिवनाऱ्याला ताय भेटली नव्हती," बाळा म्हणाला, आणि यांना हसू आवरेना.

आईने ओटीवरून हाक मारली, "झालं का तुमचं तेल? पानं वाढलीत." दोघं शेजारी शेजारी बसले. बाळाने जास्तीचं तेल जेवणानंतर नळीने काढून दिलं आणि माझ्या पिशवीतला कॅन उचलून माळ्यावर टाकला. "हा हितंच ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाला. मला तेव्हा जरा अपमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला खाली गेले, रॅम्पवर दांडी काढून बघितली, तेल कमी दिसलं, म्हणून कॅन आणायला वर आले, आणि गव्हाचा डबा सरकवल्यावर मला आठवलं की कॅन बाळाकडे आहे.