पाणी शिंपडलेला अर्ज

"खाली ठेव."

अप्पांनी बोटानं जमीन दाखवली. मी अर्ज दुकानाच्या पायरीखाली मातीत ठेवला. त्यांनी पितळी गडूत बोटं बुडवली आणि अर्जावर पाणी शिंपडलं. एकदा. पुरेसं वाटलं नाही म्हणून पुन्हा एकदा. कागद उन्हात वाळू दिला. मग चिमटीत धरून उचलला, सही केली आणि परत मातीत टाकला.

दुकानात बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "काय अप्पा, महारवाड्यातली पोरं बी आता बोर्डिंगात जायलीत का?"

"जाऊ द्या की. शिकून शिकून बापावानी इंजिनाची राखच काढनार हाय."

सगळे हसले. मीही हसलो. त्यांचं हसणं मी कधीचं विसरलो असतो. माझं विसरता येत नाही.

ही पूर्णेची गोष्ट. निजामाचं राज्य होतं. माझा बा स्टेशनात इंजिनांची राख काढायचा. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला. उर्दू शाळेत मिडल पास झालो तो मौलवीसाहेबांमुळे. त्यांनी मला कधी लांब बसवलं नाही. त्यांचे उपकार मी मरेपर्यंत फेडू शकणार नाही. औरंगाबादच्या बोर्डिंगचा फॉर्म त्यांनीच मागवला. पण त्यावर गावातल्या मोतबर माणसाची सही लागायची, चालचलन चांगली असल्याची. गावात मोतबर म्हणजे अप्पा. कापसाचे मोठे व्यापारी. गळ्यात चांदीच्या करंड्यात शिवलिंग. त्यांच्या संतांनी जात मोडून काढली होती. हे मला कुणा दुसऱ्यानं सांगितलेलं नाही. श्रावणात मठात अप्पाच सांगायचे आणि आम्ही बाहेरच्या लिंबाखाली उभे राहून ऐकायचो.

फॉर्म मी पुडीच्या शाईनं भरला होता. बाजारात शाईची पुडी मिळायची, ती पाण्यात कालवून दौत भरायची. स्वस्तातली शाई. वाळली तरी पाण्याचा थेंब पडला की फुटायची.

घरी येऊन पाहिलं तर माझं नाव निळा डाग झालं होतं. खाली अप्पांची सही मात्र विलायती शाईत ठसठशीत. दुसरा फॉर्म नव्हता. बा म्हणाला, "सही हाय ना? मग झालं." त्याला वाचता येत नव्हतं. सहीच मोठी, असं त्याला वाटलं. मी तसाच पाठवला.

आठ दिवसांत अर्ज शाळेच्या पत्त्यावर परत आला. कोपऱ्यात उर्दूत शेरा होता. अर्जदाराचं नाव वाचता येत नाही.

माझं वर्ष गेलं. मी स्टेशनात गाड्यांचे डबे धुवायला लागलो. अप्पांचं बोलणं खरं झालं होतं. राख नाही, एवढाच फरक.

पुढच्या साली दिवाळीनंतर एका सकाळी हैदराबादला जाणारी गाडी उभी होती. मी बादली घेऊन फलाटावर होतो. अप्पा पांढरंशुभ्र धोतर नेसून फर्स्ट क्लासात चढले. आत रेल्वेचा एक गोरा साहेब बसला होता. त्याचा आवाज आला.

"ये डिब्बा काले आदमी का नहीं."

"टिकट है साहब. फर्स्ट का."

"बाहर."

अप्पांची ट्रंक फलाटावर आदळली. मागून पानाचा डबा आला, उघडला आणि पानं सांडली. मग अप्पा उतरले. उतरले म्हणजे साहेबाच्या काठीचं टोक छातीवर होतं, करंड्याच्या वर दोन बोटं, आणि ते मागं मागं येत होते.

साहेबानं मला पाहिलं. "ए! फिनाइल लाओ. सीट धोओ."

अप्पा जेमतेम टेकले होते ती सीट मी फिनाइलनं धुतली. साहेबानं फडकं माझ्या हातात दिलं नाही. पायाशी फेकलं. धुता धुता मी खिडकीतून बाहेर पाहिलं. अप्पा मला बघत होते. माझ्या हातातल्या ओल्या फडक्याकडे बघत होते.

त्या वेळी मला काय वाटलं ते लपवत नाही. आनंद झाला. पोट भरल्यासारखा आनंद. मी ती सीट गरजेपेक्षा जास्त वेळ घासली.

दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः रेल्वेच्या आवारात आले. हातात गडू होता. बा आणि मी लिंबाखाली भाकर खात होतो. ते दहा हातांवर थांबले.

"पोरा, जेवन झालं का?"

आजवर त्यांनी मला हे विचारलं नव्हतं.

"बोला अप्पा."

"मी वर अर्ज करायलोय, रेल्वेच्या मोठ्या साहेबाकडं. साक्षीदार पायजे. तू होतास तितं. तूच सीट धुतलीस. तुला लिवता येतं."

बा खाली बघून म्हणाला, "मालक, लेकराची नौकरी जाईल."

"मी हाय की! अरे, कातडीचा रंग बघून मानसाला हाकलायचं? लय मोठं पाप हाय हे. शिवानं सगळ्यांचं रगत लालच केलंय ना?"

"अप्पा, हे मागल्या साली आठवलं असतं तर माझा अर्ज वाचला असता."

ते चिडून म्हणाले, "ते येगळं, हे येगळं. ती धर्माची रीत हाय. मी तुला कवा काठी लावली का? त्यो गोरा बघ, मला अन् तुला एकाच काठीनं हाकायलाय!"

तेव्हा मला कळलं. हाकललं याचं दुःख त्यांना होतं. पण माझ्यासारखं हाकललं, याचं जास्त होतं.

मी म्हणालो, "लिहितो. कागद द्या."

माझ्या खिशात डब्यांचे नंबर टिपायची पेन्सिल होती. पेन्सिलीचं अक्षर पाण्यानं जात नाही. मी ती काढली नाही. झोपडीत जाऊन पुडीच्या शाईची दौत आणली.

सगळं खरं लिहिलं. एक अक्षर खोटं नाही. साहेब काय बोलला, ट्रंक कशी फेकली, फिनाइल कुणी मागवलं. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. शाई नीट वाळू दिली. मग उठून कागद अप्पांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. त्यांनी सांगायची वाट मी पाहिली नाही.

मी मनात म्हणालो, तसाच उचला. फक्त एकदा, तसाच उचला. मग साक्ष तुमची.

अप्पांनी गडूत बोटं बुडवली.

त्यांनी विचार केला असेल असं मला वाटत नाही. हात आपोआप गेला. पाणी शिंपडलं. एकदा. मग पुन्हा. आणि कागद उचलेपर्यंत साहेब, ट्रंक, फिनाइल, माझं नाव, सगळं एकमेकांत वाहून निळं झालं होतं.

"अरारारा! हे काय झालं?"

"रीत झाली, अप्पा."

"परत लिव. लिव की रे, लेकरा."

"न्हाई."

माझ्या आयुष्यातला मोठ्या माणसाला दिलेला तो पहिला नकार. ते कागद धरून उभेच राहिले. मी खाली बसलो आणि उरलेली भाकर संपवली.

ते गेल्यावर बानं भाकरीचं फडकं झटकलं. मग म्हणाला, "दोघं बी सारखेच. साहेबाला नुस्ती काठी लागती. अप्पाला देव बी लागतो."

पुढं शिकून मी पदवी घेतली, मोठमोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकली. वंश आणि धर्म यांच्या गर्वातला फरक याहून नेमका कुणी सांगितला नाही. साहेबानं कातडी पाहिली, अप्पांनी जन्म पाहिला. साहेबाचं फिनाइल, अप्पांचं गडूतलं पाणी. धुऊन टाकायचा होता तो दोन्हीकडं माणूसच.

एक गोष्ट मला बोचते. त्या दिवशी साहेबही सुटला. माझ्या सुडानं एक मारला आणि एक सोडला. पेन्सिल काढली असती तर कदाचित दुसरा सापडला असता. अप्पांसाठी वाईट वाटत नाही. साहेब सुटल्याचं वाटतं.

मौलवीसाहेबांनी त्याच साली दुसरा फॉर्म मागवला आणि नियमाची पर्वा न करता मोतबर म्हणून स्वतःच सही केली. कागद माझ्या हातातून त्यांच्या हातात गेला. मध्ये जमीन आली नाही.

आज माझी सही मोतबर माणसाची म्हणून चालते. पोरं अर्ज घेऊन येतात. काही सवयीनं वाकून कागद पायाशी ठेवतात. मी त्यांना तो उचलायला लावतो आणि हातात घेतो.

अप्पांना मी माफ केलेलं नाही. साहेबालाही नाही. करणार नाही. अप्पांनी मागितलेली साक्ष ती ही. या वेळी दोघांचीही पापं लिहिली आहेत आणि छापायला दिली आहेत.

आता शिंपडा पाणी.