वन्संचा जुना कॉम्प्युटर

ये गं पोरी, जरा जवळ सरक. तू तिकडं मस्कतला आणि मी इकडं किकवीला, पण कागदावर शेजारी बसायला काय लागतं? आधी तुला रागावते, मग बाकीचं. परवा शुक्रवारी तू पडद्यावरून हात जोडलेस आणि म्हणालीस, "मामी, तुमचे उपकार कसे फेडू?" अगं, मामीला असं म्हणतात व्हय? आणि तेही आईदेखत! वन्संना ऐकू येत नसलं तरी तोंड वाचता येतं. दिवसभर मला चिडवत होत्या, "उपकारवाल्या बाई, जरा चा टाका. उपकारवाल्या बाई, म्हशीला पेंडी टाका." तेव्हा हात जोडणं आजपासून बंद. शिवाय त्या कॉम्प्युटरची तुला अर्धीच गोष्ट ठाऊक आहे, तुझ्या बाजूची. इकडच्या बाजूला काय झालं ते तुला कुणी सांगितलंच नाही. ते आज लिहून ठेवते. लिहिलेलं चार माणसं वाचतात, म्हणून तुला माहीत असलेलंही सांगावं लागेल. कंटाळू नकोस.

तर तुझी आई माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. दिल्या घरी त्या हिर्डोशीला, वरंध घाटाच्या वाटेवर, आणि मी वेल्ह्याकडनं त्यांच्या माहेरी किकवीला सून म्हणून आले. उपकारांचाच हिशोब करायचा तर तो तिथनं सुरू होतो, तुझ्यामाझ्यात नाही. माझा थोरला झाला तेव्हा मी तापानं फणफणले होते. अंगावर दूध नाही, पोर रडून रडून निळं पडायचं. गाडी नव्हती म्हणून वन्सं अर्धी वाट चालत आल्या. कडेवर तू, डोक्यावर नाचणीचं गाठोडं. आल्या, हातपाय धुतले आणि माझं पोर पदराखाली घेतलं. एका बाजूला तू, एका बाजूला तो. मी बरी होऊन उठेपर्यंत हलल्या नाहीत. आता सांग, मी एक जुना कॉम्प्युटर नेऊन ठेवला तर त्यात काय मोठं केलं?

पण ठेवला का, ते ऐक.

गेल्या दोनतीन वर्षांत वन्संचे कान पार गेले. मशीन आणलं होतं कानाचं. त्या म्हणाल्या, "ह्याच्यात वारा ऐकू येतोय, भांडी ऐकू येत्यात, माणूस तेवढा ऐकू येत न्हाई," आणि काढून फडताळात ठेवलं ते ठेवलंच. समोर बसून सावकाश बोललं की ओठांवरून त्यांना सगळं कळतं. पण फोनला कुठले ओठ? मोबाईलवर तुझं तोंड दिसायचं खरं, पण नजर अधू झालेली, त्या इवल्याशा तोंडातले ओठ त्यांना कसे दिसावेत? ऐकू येत नाही हे लेकीला सांगायची लाज. मग फोन कानाला लावायचा आणि म्हणायचं, "व्हय व्हय. बरं हाय. ठेवू का?"

आणि तू मला फोन करून रडलीस. आठवतंय? "मामी, आईला माझ्याशी बोलायचंच नसतं. दोन शब्द झाले की ठेवू का म्हणते. माझं काय चुकलं?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एक लेक, एक आई, आणि मधे हे असं. तू तिकडं झुरतेस, त्या इकडं फोन वाजला की घाबरतात. मी ठरवलं की वन्संच्या समोर तुझं तोंड मोठं झालं पाहिजे. ताटाएवढं तरी.

माझं शिक्षण चौथी. कॉम्प्युटर मी सुनेच्या पाठीमागं उभी राहून शिकले. ती बचत गटाचं काम घरी करते, मी भाजी निवडत बघायची. एकदा ती माहेरी गेली आणि गटाचा हप्ता भरायचा राहिला, तेव्हा बसले आणि भरला. तिनं आल्यावर विचारलं, "आई, हे कुणी केलं?" मी म्हटलं, भुतानं. तेव्हापासून घरात मला भूत म्हणतात, तुला माहितीच आहे.

नवा कॉम्प्युटर आपल्याला झेपणारा नव्हता. भोरमधे एक दुकान आहे, पुण्यातल्या ऑफिसांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर आणून, पुसूनबिसून, दुरुस्त करून विकतात. शेळीचं एक करडू विकलं त्यात भागेल असा एक निघाला. पडदा आणि डबा एकातच, आणि वर मधोमध बारीक काचेचा डोळा, त्यातनं आपण पलीकडं दिसतो. मी दुकानदाराला म्हटलं, "चालंल ना रं नीट?"

"मावशी, ऑफिसात राबून आलाय तो. तुमच्याकडं आराम करंल."

"आमच्यात आराम कुणाला नसतोय," मी म्हटलं.

तो हसला. पण माणूस भला. तुझा फोन एका बोटानं लागेल असं चित्र पडद्यावर मधोमध मोठं करून दिलं, अक्षरं मोठी केली आणि खोक्यात जुनी रजई कोंबून दिली. हिर्डोशीच्या गाडीत कंडक्टरनं खोकं बघितलं. मला वाटलं आता ह्याचं तिकीट मागणार. तर म्हणाला, "आजी, माझ्या सीटवर ठेवा, घाटात आदळंल." आणि स्वतः उभा राहिला. अशी माणसं भेटली की वाटतं, आपण एकटं काही करतच नाही.

हिर्डोशीच्या घरात रेंज फक्त पडवीत, तीही जात्याशेजारच्या कोपऱ्यात. म्हणून कॉम्प्युटर तिथंच मांडला. वायरी लावल्या, वन्संच्या मोबाईलचं नेट त्याला जोडलं. वन्सं बाजूला उभ्या राहून बघत होत्या. पडदा उजळला तशी मी खुर्ची पुढं केली. पण त्या बसेनात.

"तशीच बसू व्हय? घरात नवं आलंय. आधी पूजा."

"नवं कुठलं, जुनं हाय," मी तोंडापुढं तोंड नेऊन म्हटलं.

"आपल्या घरात तर नवंच ना?"

तेही खरंच. दसऱ्याला आपण जात्याची, कोयत्याची, नांगराची पूजा करतो, मग ह्याची का नको? फूल आणलं, अगरबत्ती लावली. नारळ त्या पडद्याच्या कडेवरच फोडायला निघाल्या होत्या, तो मी पायरीवर फोडायला लावला. मग हळदीकुंकवाचा करंडा पुढं आला आणि त्यांनी तो माझ्यापुढं सरकवला.

"तू लाव."

तुझे वडील गेल्यापासून वन्संनी कुंकवाला बोट लावलेलं नव्हतं. देवालासुद्धा शेजारच्या पुतणसुनेकडून लावून घेत. कुणी तसं सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलेलं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी करंडा परत त्यांच्या हातात दिला.

"वन्सं, घर तुमचं, लेक तुमची. तुमीच लावा."

त्यांनी करंडा उघडला. मग बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात फिरवलं आणि मला विचारलं, "ह्याचं कपाळ कुठं?"

"वरच्या अंगाला," मी म्हटलं. "मधोमध."

त्यांनी लावलं. चांगलं ठसठशीत, रुपयाएवढं. मला इतकं बरं वाटलं की माझं दुसऱ्या कशाकडं लक्षच गेलं नाही.

मग तुला फोन लावला. आणि काय दिसलीस गं तू! ताटाएवढी नाही, परातीएवढी. वन्सं पडद्यापुढं वाकल्या, हसल्या. आणि तू तिकडून डोळे बारीक करून म्हणालीस, "मामी, काही दिसत नाही. नुसतं लाललाल दिसतंय. आई कुठं आहे? मला आई दिसत नाही."

मला ते ऐकू आलं. पण वन्संनी ते तुझ्या ओठांवरून वाचलं. पहिलंच वाक्य त्यांनी त्या पडद्यावर वाचलं, ते हे, "मला आई दिसत नाही." आणि तू रडायला लागलीस.

वन्सं सरळ झाल्या. म्हणाल्या, "जुनं ते जुनंच गं. माझं कान गेलं, ह्याचं डोळं गेलं. दे परत नेऊन." आणि गोठ्यात निघून गेल्या.

मी तुला म्हटलं, थांब, ठेवू नकोस, आणि मोबाईलवरून दुकानदाराला गाठलं. बिचारा जेवायला बसला होता. म्हणाला, बंद करून चालू करा. केलं. तुझा फोन परत लावला. लालच. वायर काढून घाला. घातली. लालच. खिडकी उघडा. उघडली. शेवटी म्हणाला, "राहू द्या मावशी, उद्या घिऊन या, दुसरा देतो." दुसरा! वन्संनी एकदा परत ने म्हटल्यावर दुसऱ्याला दारात उभं केलं असतं का? आणि तुला मी काय सांगणार होते?

परत न्यायचा तर अगरबत्तीची राख तरी झाडावी म्हणून ओलं फडकं घेतलं. खालून पुसत वर गेले, आणि कुंकवाजवळ हात थांबला. दुकानदारानं दाखवलेला तो डोळा मला पडद्यावर कुठं दिसेना. वाकून बघितलं. डोळा कुंकवाच्या बरोब्बर खाली!

मी अशी हसले की म्हैस हंबरली. धावत गोठ्यात गेले, वन्संना हाताला धरून आणलं, दाखवलं. त्यांच्याही लक्षात आलं. पण त्या हसल्या नाहीत. मी फडकं पुढं केलं तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"न्हाई. लावलेलं कुंकू पुसायचं न्हाई."

"अवं, यंत्राचं तर हाय."

"कशाचं का असंना. माझं पुसलं तवा चार बायांनी धरलं हुतं मला. म्या कुणाचं पुसायची न्हाई."

माझ्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. समोर परातीएवढी तू, नाक पुसत वाट बघतेयस. हातभर अंतरावर तुझी आई, आणि मधे एक कुंकू. पुसा म्हणायला माझी जीभ रेटेना. मी एवढंच म्हटलं, "वन्सं, लेक थांबलीया."

त्यांनी तुझ्याकडं बघितलं. मग बोट ओलं केलं, ते कुंकू हळूच टिपून घेतलं आणि कडेला, डोळ्यापासून लांब, परत लावलं. लेकराचं कपाळावरचं वाकडं झालेलं कुंकू शाळेत जाताना नीट करतात ना, अगदी तसं.

"पुसलं न्हाई," मला म्हणाल्या. "सरकवलंय." मग पदराचं टोक घेऊन काच घासली. "आन् डोळं पुसायला कुणाची मनाई हाय?"

आणि तू किंचाळलीस, "आई!"

पुढचं तुझ्या बाजूचंही आहे, तुला ठाऊक आहे. त्या आधी म्हणाल्या, "बारीक झालीस," आणि तू म्हणालीस, "तू पण," आणि ते त्यांना कळलं. कळलं म्हणून त्यांनी माझ्या मांडीवर एवढ्या जोरात चापट मारली की वळ उठला. तो तुला दिसला नाही. मग त्यांनी तुला सांगून टाकलं, "फोनवर मला काय बी कळत न्हवतं गं. लाज वाटायची. म्हणून ठेवू का म्हणायची." तू म्हणालीस, "मला वाटलं तू रुसलीस." त्या म्हणाल्या, "तुझ्यावर रुसून म्या कुठं जाऊ?" मी तिथनं उठून चुलीकडं गेले. चहा काही टाकायचा नव्हता, पण गेले.

दुसऱ्या दिवशी मी भोरला उतरून दुकानदाराला पेढे दिले. काय झालं होतं विचारलं तर म्हटलं, काही नाही, डोळ्यात कुंकू गेलं होतं. कंडक्टर परत दिसला नाही, त्याचे पेढे राहिलेत.

आता दर शुक्रवारी तुझ्या सुट्टीला वन्सं तासभर आधी खुर्चीत बसतात. लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले. आणि हो, आता देवाला कुंकू स्वतः लावतात, पुतणसुनेला हाक मारत नाहीत. मी त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही, तूही काढू नकोस.

गेल्या खेपेला तू बोलून पडदा बंद केलास, तेव्हा मी तिथंच होते. वन्सं म्हणाल्या, "बोललेलं समदं कळतंय आता. पण तिचं केस बघितलंस? कोरडं ठाक. त्याल कोण लावतंय तिला तिकडं?" आता ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही पोरी, आणि भोरच्या दुकानदाराकडंही नाही. तेव्हा हात जोडायच्या ऐवजी सुट्टीचा अर्ज टाक. तुझ्या पोरांची शाळा बुडाली तर बुडू दे चार दिवस. आधी किकवीला उतर, पिठलं-भाकरी खा, मग आपण दोघी मिळून हिर्डोशीची गाडी धरू. ये गं. लवकर ये.