डब्यातली ढोलकी

कंधारची सिंधू ढोलकीवर बसली की मांडवातल्या म्हाताऱ्याही माना डोलवत. लातूरच्या मृत्युंजयचा ऑर्केस्ट्रा तिच्या ढोलकीवरच नावारूपाला आला. एकदा त्याने नवं मशीन तपासायचं म्हणून तिचे बोल एकेक करून रेकॉर्ड करून घेतले. पुढच्या लगीनसराईत ढोलकीऐवजी काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर त्याचा भाचा बसला. काठी पडली की पॅडला जोडलेल्या डब्यातून सिंधूची ढोलकी वाजू लागली. तिने जाब विचारला, तर मृत्युंजय सगळ्यांदेखत म्हणाला, "तुजा हात घेतलाय आम्ही. बाकीची तू कशाला लागतीस?"

सिंधू स्वभावाने मऊ. पण हे वाक्य तिने गिळलं नाही, दाढेखाली धरून ठेवलं. पुढे नांदेडच्या एका दुकानात ती गिऱ्हाइकांना वाद्यं वाजवून दाखवू लागली.

यंदा दिवाळीनंतर मृत्युंजय नेमका तिथेच आला. जुनं मॉड्यूल, म्हणजे तोच आवाजाचा डबा, एक्स्चेंजमध्ये देऊन नवं घ्यायचं होतं. सिंधूला बघून तो ओशाळला नाही. घरचं माणूस भेटल्यासारखा खुर्ची ओढून बसला.

तिने दोन मॉड्यूल मांडली. एक स्वस्त, आवाज मोजके, पण आपण रेकॉर्ड केलेले आवाज त्यात भरता येत. दुसरं महाग, आवाज शेकडो, पण कंपनीने दिले तेवढेच. स्वस्तावर तिने काठ्या नुसत्या आपटल्या. महागावर जीव ओतला. बाहेरचे रिक्षावाले आत डोकावले. मृत्युंजयने किंमत विचारली, मांडवातल्या धुळीत टिकेल का विचारलं. तिने खरं तेच सांगितलं. जुनी ढोलकी यात भरता येईल का, हे त्याने विचारलंच नाही. ती आपलीच, आपल्यामागे येणारच, असं तो धरून चालला होता. जुना डबा दुकानात देऊन तो महागडं घेऊन गेला.

रेणापूरच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "सिंधू, ढोलकी सापडंना गं ह्याच्यात."

"त्याच्यात ती बसतच न्हाई, मालक. ती जुन्या डब्यात हाय."

"मग डबा ठिव बाजूला. मी निघालोच."

"फोन ठिवू नका," सिंधू म्हणाली. तिने जुना डबा चालू केला, फोन स्पीकरजवळ ठेवला. एकेक बोल ती वाजवी आणि पुसून टाकी. मृत्युंजय आधी ओरडला, मग गयावया करू लागला, मग नुसता ऐकत राहिला.

सिंधूने घाई केली नाही.