पाण्यातून उतरलेली गाठ

डॉक्टरांनी समीरला छताकडे बघायला सांगितलं. माझ्या एकोणीस वर्षांच्या भावाच्या कपाळाला आठ्या पडल्या, भुवया वर गेल्या. बुबुळं मात्र जागची हलली नाहीत. मग डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म लावली. मेंदूच्या मधोमध एक पांढरा गोळा होता.

त्याआधी काही आठवडे तो सकाळी डोकं धरून उठायचा, ओकायचा. ताथवड्याच्या कॉलेजातल्या परीक्षेचा ताण असेल, असं आम्ही धरून चाललो. मग एकदा मी चहा दिला, तर तो माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाला, "आपा, तू दोन आहेस. खरी कुठली?"

त्याने एक डोळा झाकला. "आता एक गेली."

दुर्बिणीने गाठीचा तुकडा काढला, डोक्यात साठलेल्या पाण्याला वाट करून दिली. निदान झालं: जर्मिनोमा. तरुण मुलांना क्वचित होणारा मेंदूचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, आता पाठीचा एमआरआय.

अब्बांचं चाकणला गॅरेज आहे. त्यांनी विचारलं, "साहेब, दुखणं डोक्यात, मग पाठ कशाला?"

"मेंदूभोवती पाणी असतं, सीएसएफ म्हणतात त्याला. तेच मणक्यातही फिरतं. गाठीच्या पेशी त्यातून वाहत जाऊन खाली रुजू शकतात."

रुजल्या होत्या. मज्जारज्जूवर बारीक ठिपके दिसले.

त्यानंतर समीर कुशीवर झोपला की मी त्याच्या पाठीकडे बघत बसायचे. कातडीखाली काहीतरी हळूच उतरतंय असं वाटायचं. वॉर्डातल्या नळाची टिपटिप ऐकवत नव्हती.

"पसरलंय म्हणजे संपलं, असं नाही," डॉक्टर म्हणाले. "ही गाठ रेडिएशनला दाद देते."

रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात. मशीनच्या खोलीत फळीवर असे चेहरे ओळीने मांडलेले. त्यातलं समीरचं नाक मी दारातूनच ओळखलं. तो माझा हात धरून उभा होता, आणि तिथे फळीवरही होता.

ठिपके गेले. गोळाही गेला. नजर बरीच सुधारली. तुमच्या घरात कुणाला सकाळची डोकेदुखी, ओकाऱ्या आणि डोळ्यांचं असं काही होत असेल, तर आमच्यासारखं थांबू नका.

परवा तपासणीला गेलो, तर राजगुरुनगरची एक मुलगी रेडिएशनच्या दाराची चौकट सोडेना. समीर तिच्याजवळ गेला.

"हात वर केलास की मशीन थांबवतात. मी दोनदा थांबवलं होतं."

"ओरडले नाहीत?"

"न्हाई. पाणी दिलं."

तिने चौकट सोडली. तिची आई माझ्याकडे बघून रडायला लागली. मी तिला माझ्या शेजारी बसवलं.