पोळ्याच्या दिवशी खंडू

मोनिका सोडून देणार होती तो खंडू आक्काबाईंनी मधल्या मधे झेलला, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

हा खंडू म्हणजे बैल नव्हे. बैल होते तेव्हा होते. आक्काबाईंच्या मुलानं, गोरक्षनं, ट्रॅक्टर घेतला, दावणीची जोडी बाजारात गेली आणि गोठ्यात डिझेलचे कॅन आले. हा खंडू मोबाईलमधला. पाठ कासवाची, शिंगं म्हशीची, आणि चेहरा लग्नात जेवायचं राहून गेलेल्या पाहुण्यासारखा. गेममध्ये त्याला कसलंसं इंग्रजी नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली तर जनावर वळून बघेल का, असा आक्काबाईंचा सवाल होता.

मोबाईल त्यांच्या हातात आला तो गुडघ्यामुळे. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं बसून राहायला सांगितलं. आता राहुरीजवळच्या त्या कालव्यावरच्या गावात आक्काबाईंना बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. पंगतीतसुद्धा त्या वाढायला. दोन दिवसांत त्यांनी घरच्यांचा जीव नकोसा केला. खाटेवरून हुकूम सुटायचे, भाजीत मीठ किती पडलं तेही त्यांना खाटेवरून दिसायचं. शेवटी त्यांच्या सुनेनं, मोनिकानं, आपला जुना मोबाईल त्यांना दिला आणि त्यात स्वतः खेळायची तोच गेम घालून दिला. जनावरं धरायची, पाळायची, वाढवायची आणि मग दुसऱ्याच्या जनावरांशी झुंजवायची. आक्काबाईंनी झुंजवायची एवढं सोडून बाकी सगळं मनावर घेतलं.

पंधरवड्यात त्यांचा मोबाईलमधला गोठा भरला. सकाळी उठलं की आधी जनावरांचं वैरणपाणी, मग स्वतःचा चहा. एक आग ओकणारी कोंबडी होती, तिचं नाव त्यांनी शेजारच्या बनुबाईवरून ठेवलं, कारण दोघींचं तोंड सारखंच चालायचं. चारून चारून सगळी जनावरं गलेलठ्ठ झाली आणि नुसत्या चारण्यावरच आक्काबाई गेममधल्या वरच्या पायरीला जाऊन पोचल्या.

मोनिकाचं पाळणं निराळं. ती कृषीची पदवीधर, शिवाय गेममध्ये जिल्ह्यात तिचा नंबर वर. त्या गेममध्ये प्रत्येक पिल्लू अंड्यातून येतानाच आपले गुण घेऊन येतं: ताकद किती, वेग किती, दम किती. वर प्रत्येकाचा एकेक स्वभाव, कुणी तापट, कुणी भित्रं. दिसायला सगळी सारखी, पण आकडे निराळे. मोनिका अंडी उबवायची, आकडे बघायची, नाक मुरडायची आणि पिल्लू रानात सोडून द्यायची. मग पुढची अंडी. असं करत करत वर्षभरात तिनं एक पांढरी, विजेसारखी झेपावणारी वाघीण तयार केली होती. तिचे सगळे आकडे जिथल्या तिथे. आधीच्या सगळ्यांना ती ट्रायल म्हणायची, हिला फायनल म्हणायची. झालं नाव.

एका दुपारी सासूबाई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"ह्याला कुटं लावलंस?"

"सोडला, आत्या. भित्रा निघाला. वेग तर नाहीच."

"आगं, आत्ता डोळं उघडलं त्यानं! भित्रा हाय म्हून काय झालं? तुजा नवरा न्हाई का पालीला भितो? सोडला का आमी त्याला?"

गोरक्ष तिथंच जेवत होता. त्यानं मान खाली घातली आणि भाकरी कुस्करायला लागला.

"आता म्होरलं जे टाकशील ते मला दे," आक्काबाईंनी बजावलं. पुढचं आलं ते खंडू. ताकद बेताची, वेग नाही, स्वभाव आळशी. मोनिकाचं बोट सोडून द्यायच्या बटणावर गेलंच होतं. आक्काबाईंनी पदर पसरावा तसा मोबाईल पुढे केला आणि खंडू त्यांच्या गोठ्यात आला. त्या दिवसापासून तो त्यांचा जीव की प्राण. घरातल्या माणसांना कधी विचारलं नाही एवढ्या वेळा त्या त्याला विचारायच्या, पोट भरलं का रे?

श्रावणात शिर्डीत जोड्यांची स्पर्धा जाहीर झाली. जिंकेल ती जोडी राज्याच्या फेरीला पुण्यात. मोनिका वर्षभर याच दिवसाची वाट बघत होती. पण तिची जोडीदार सुकन्या बाळंतपणाला माहेरी गेली, आणि स्पर्धेला चालेल असं वरच्या पायरीवरचं दुसरं माणूस पंचक्रोशीत एकच होतं. ते माणूस ओसरीवर शेंगा फोडत बसलं होतं.

"आत्या, येता का? तुम्हाला फार काही करायचं नाही. दोन जनावरं न्यायची. मी देते ती न्या."

"एक तुजं घेते. दुसरा खंडू."

मोनिकानं डोळे मिटले, मनातल्या मनात आकडेमोड केली आणि म्हणाली, "चालेल." सासूशी वाद घालून जिंकलेली सून तिनं अजून पाहिली नव्हती. मग तिनं गेममधली आपली सगळी नाणी आक्काबाईंच्या खात्यात टाकली आणि सांगितलं, "यातून खंडूला तयार करा."

गोम होती ती इथे. स्पर्धा म्हटल्यावर आक्काबाईंच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं जनावरांचं प्रदर्शन. तरुणपणी त्यांनी अशी प्रदर्शनं ढिगानं पाहिली होती: बैल धुवून, सजवून, मिरवत न्यायचे, पंच दातांकडे, खुरांकडे, वशिंडाकडे बघणार आणि फेटा बांधणार. त्यामुळे तयार करा म्हणजे काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ताकदीच्या गोळ्या बाजूला राहिल्या. खंडूला झूल आली, शिंगांना बेगड आली, गळ्यात घुंगरं आली. उरलेल्या नाण्यांत बनुबाईलाही पायात तोडे घेतले, ती स्पर्धेला जाणार नव्हती तरी. एकाला केलं आणि दुसरीला नाही, हे त्यांच्यानं झालं नसतं.

स्पर्धेचा दिवस उजाडला तो नेमका पोळा. संयोजकानं अमावस्या बघूनच दिवस धरला होता. लग्न नाही, साखरपुडा नाही, हॉटेलचा हॉल स्वस्तात मिळाला. आक्काबाईंना तर हा योग सोन्याहून पिवळा वाटला. पोळ्याला नाही सजवायचं जनावर तर कधी? आदल्या संध्याकाळी त्यांनी खंडूची खांदेमळणी केली, म्हणजे मोबाईलच्या काचेवर जिथे त्याचा खांदा येतो तिथे हळद-तुपाचं बोट लावलं. पहाटे मातीच्या बैलांची पूजा झाली, पुरणपोळीचा डबा भरला आणि गोरक्षनं दोघींना गाडीत घालून शिर्डीला आणलं.

हॉलमध्ये सगळी कॉलेजची पोरंपोरी, कानात यंत्रं, डोळे लाल. आक्काबाईंनी आधी डबा उघडला आणि ओळीनं सगळ्यांना पोळी वाटली. तेवढ्यात माईकवरून नियम सांगितले गेले, आणि शेवटचा नियम ऐकून त्यांच्या हातातली पोळी हातातच राहिली. अंतिम फेरीत हरलेल्या जोडीचं एक जनावर, जिंकणारे म्हणतील ते, जिंकणाऱ्यांचं.

"मोनिका, म्हंजे खंडूला नेतील?"

"हरलो तर, आत्या. आपण हरत नाही." मोनिकाला नियम आधीच ठाऊक होता, पण हरण्याचा विचारच तिनं केला नव्हता, त्यामुळे सांगायचं राहून गेलं होतं.

"त्याला घरी धाडू. बनुबाईला आनू."

"नाव लागलंय आता. बदलता येत नाही."

आक्काबाईंनी मोबाईल पदराखाली घेतला आणि साईबाबांपासून खंडोबापर्यंत सगळ्यांना हाक घातली. देवांनी ऐकलं असावं, कारण पहिल्या फेरीतली नेवाशाची जोडी आलीच नाही, घरी पोळा. दुसरीतली श्रीरामपूरची अर्धीच आली आणि बाद झाली. उरलेल्या अर्ध्याला बापानं बैल धुवायला कालव्यावर नेलं होतं. असं करत, एकही झुंज न खेळता, सासू-सून थेट अंतिम फेरीत. समोर शिर्डीचेच पार्थ आणि दिशा. पार्थचं घरचं हॉटेल, पोळ्याशी त्याचा संबंध पोळीपुरता.

"करा सुरू," माईकवाला म्हणाला. समोरच्यांची जनावरं दात काढून पुढे आली.

"पंच कुटं हायत?" आक्काबाईंनी विचारलं. "बगत का न्हाईत कोनी?"

"आत्या, मारा! शिंगाचं चित्र दाबा!"

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "झुंज? आज? आगं, पोळ्याला मानंवर जू ठेवत न्हाईत, आन् तू टक्कर द्यायला लावतीस?"

"आत्या, हा गेम आहे!"

"गेममदी आज अमावस्या न्हाई व्हय?"

वाद घालायला मोनिकाकडे वेळ नव्हता. तिनं दोघींच्या वाटचं लढायला घेतलं. आक्काबाईंनी आपल्या परीनं मदत केली. शिंगाचं चित्र सोडून त्यांनी सगळी चित्रं दाबली: पेंढीचं, पाण्याचं, झुलीचं. खंडू जेवला. खंडूनं वाघिणीलाही चारलं. खंडूनं झूल पांघरली, विसावा घेतला आणि परत जेवला. पार्थ आणि दिशा घामाघूम झाले. त्यांचे सगळे हिशेब समोरचा मारणार या अंदाजावर बेतलेले. असला पाहुणचार त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

पण एकट्या हातानं किती ओढणार? मोनिकानं दिलेलं जनावर पडलं, तिचं दुसरं पडलं, शेवटी समोरच्या तिघांना लोळवून ती पांढरी वाघीणही पडली. पलीकडे पार्थचा एक गेंडा उरला, त्याचाही जीव केसाएवढा. अलीकडे खंडू, अर्धमेला, गळ्यात घुंगरं. हॉल उठून उभा राहिला.

"आत्या, एकच टक्कर," मोनिका म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "एकच. तो पडेल. खंडूपण आपल्याकडेच राहील."

आक्काबाईंचं बोट शिंगाच्या चित्रावर गेलं आणि तिथंच अडलं. दाबलं तर खंडू घरी येतो, हे त्यांना लख्ख कळत होतं. नाही दाबलं तर हा पोरगा त्याला दावं लावून नेणार. डोळ्यांत पाणी आलं. पण सणाच्या दिवशी, पोटभर पोळी घातलेल्या जनावराला, स्वतःच्या सोयीसाठी? त्यांनी बोट सरकवलं आणि पेंढीचं चित्र दाबलं.

खंडू जेवायला लागला, आणि जेवता जेवताच आडवा झाला.

टाळ्या पडल्या. पार्थ निवडायला आला. आक्काबाईंनी मोबाईल छातीशी धरला होता. पार्थनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पांढरी," तो म्हणाला.

मोनिकानं मोबाईल पुढे केला, आणि आक्काबाईंना दिसलं की पोरीची हनुवटी हलते आहे. लग्नात पाठवणीच्या वेळी न रडलेली पोरगी ही.

"आरं पोरा," आक्काबाई एकदम उठल्या. गुडघ्यात कळ आली तरी उठल्या. "ती ऱ्हाऊ दे तिची. त्याच्याबदली ह्यो ने. खंडू. लई गुनाचा हाय." आणि ज्याच्यासाठी दिवसभर देव पाण्यात ठेवले होते त्यालाच त्यांनी पुढे केलं.

पार्थनं खंडूचे आकडे उघडले. दिशाही वाकून बघायला लागली. दोघं हसली. वाईट मनानं नव्हे, पण हसली.

"काकू, हा फुकट दिला तरी कुणी घेणार नाही."

आक्काबाईंचा असा काही जाळ झाला की विचारू नका. "फुकट? माजी पोळी खाल्लीस फुकट, ती गोड लागली व्हय? आरं, जनावर बगायला नदर लागती! चल गं मोनिका!"

परतीच्या वाटेवर कोल्हार मागे पडलं तरी त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबेना. पार्थ, त्याचं हॉटेल, त्याला वाढवणारी माणसं, कुणी सुटलं नाही. गोरक्षला हसू आलं, तर त्याचाही उद्धार झाला. मोनिका खिडकीबाहेर बघत होती. शेवटी आक्काबाईंचा दम संपला.

"मला शिव्या दे," त्या हळूच म्हणाल्या. "तुजं वरीस घालवलं मी."

"घालवलंतच," मोनिका म्हणाली. तिनं नाक पुसलं. मग वळून विचारलं, "आत्या, त्यानं खंडू खरंच घेतला असता तर?"

आक्काबाईंनी विचार केला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"दिला आस्ता," त्या म्हणाल्या. "तुज्याम्होरं रडले बी नस्ते. पन घरी जाऊन दार लावलं आस्तं, आन् त्या पोराच्या नावानं दिवाळीपत्तुर बोटं मोडली आस्ती."