मंचावरच्यांचा मान

सभेत बोलायची रीत पंचफुलाबाईला तिवस्याजवळच्या तिच्या गावात, विहाराच्या महिला मंडळानं शिकवली. उभं राहायचं, जय भीम म्हणायचं, मंचावरच्या एकेकाचं नाव घेऊन त्याला मान द्यायचा आणि मगच आपलं गाऱ्हाणं मांडायचं. ग्रामसभेत तिची नावं घेऊन होईस्तोवर लोक निवांत तंबाखू मळून घेत.

कपाशीवर लाल्या रोग पडला त्या वर्षी एका वाहिनीनं रात्री साडेदहाची थेट चर्चा अमरावतीच्या सभागृहात ठेवली. मंचावर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून तिच्याच गावचे महादेवराव होते. त्यांचं सहा एकर वावर पंचफुला आणि तिची शेजारीण बेबीताई मक्त्यानं, म्हणजे वर्षाचे ठरलेले पैसे देऊन, करत. पेरणी बायांची, वेचणी बायांची, पण सातबारा रावांचा. म्हणून लाल्याची भरपाईही रावांच्याच नावानं आली. वाहिनीला समोर बसायला बाया हव्या होत्या, तर रावांनीच दोघींना जीपमध्ये घालून आणलं.

"काई इचारलं तं नुसती मान हालवजो," ते वाटेत म्हणाले. "पाडवा जवळ आला, पंचफुला."

गुढीपाडव्याला मक्ता नव्यानं ठरतो. ज्याचं वावर त्याचा शब्द.

चर्चा तापली. "आम्ही शेतकरी रात्रंदिवस मातीत राबतो," महादेवराव म्हणाले.

"कोन्त्या मातीत वं?" बेबीताई कुजबुजली. "याच्या चपलीले तं म्या कदी धूळ पाह्यली नाई."

तेवढ्यात निवेदिकेनं माइक पंचफुलापुढं धरला. "ताई, अर्धंच मिनिट आहे."

पंचफुला उठली. बोलावं तर वावर जातं, गप्प राहावं तर पुढच्या वर्षीही पीक आपलं अन् नाव दुसऱ्याचं. महादेवराव वरून एकटक पाहत होते. तिनं पदर खोचला आणि रीतीनंच सुरुवात केली.

"जय भीम. मंचावर बसलेले महादेवराव, ज्यायचं सहा एकर वावर मी अन् बेबीताई मक्त्यानं करतो, ज्यायच्या नावानं आमच्या कपाशीची भरपाई आली, त्यायले माहा मान."

निवेदिका अडखळली. "मग शेतकरी कोण म्हणायचा?"

"थेच तं इचारून राहिली मी, बाई."

महादेवरावांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. पडद्यावर जाहिराती लागल्या.

जीप दोघींना न घेताच गेली. पहाटेच्या एसटीपर्यंत त्या स्टँडवर बसून राहिल्या.

"गेलं ना वावर?" बेबीताईनं विचारलं.

"गेलं."

आणि पाडव्याला ते गेलंच. दोन महिने दोघी लोकांच्या कामाला गेल्या. मग चांदूर रेल्वेकडच्या एका मास्तरांचं चार एकर मिळालं.

"माझा शब्द पुरे नाही का?" मास्तर म्हणाले.

"शब्द असू द्या, मास्तर. कागदबी द्या."

मास्तरांनी आजचं उद्यावर नेलं. शेजारच्या वावरांत कपाशी दोन पानांवर आली. बेबीताई रोज बांधावर जाऊन उसासे टाकायची. पण कागदावर दोघींची नावं चढेस्तोवर पंचफुलानं त्या वावरात एक दाणा टाकला नाही.